‘तिने ते औषध घेतलंच नव्हतं’ : महाराष्ट्रातल्या फॅमिली डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व फॅमिली डॉक्टर
(एमबीबीएस, बीएएमएस, बीएचएमएस, पावसाळ्यात ज्यांच्या दवाखान्यात बाकावर बसायला जागा नसते ते सगळे)

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी खासगी लॅबमध्ये सूक्ष्मजीवशास्त्राचं काम पाहते. तुम्ही पाठवलेल्या लघवीच्या, शौचाच्या, पूच्या नमुन्यांतले जंतू वाढवायचे, ते कोणते हे ओळखायचं आणि कोणतं औषध त्यांना लागू पडेल ते कळवायचं, एवढं माझं काम. रिपोर्ट गेला की बहुतेक वेळा विषय संपतो. पण एक फोन अधूनमधून हमखास येतो. “मॅडम, पंचवीस वर्षांची मुलगी आहे. लघवीला जळजळ पहिल्यांदाच झालीय. जन्मात कधी अ‍ॅडमिट झालेली नाही. आणि तुमच्या रिपोर्टमध्ये सेफिक्झिम रेझिस्टंट, सिप्रो रेझिस्टंट, को-ट्रायमॉक्साझोल रेझिस्टंट! यातलं बरंचसं तिने आयुष्यात घेतलेलं नाही. प्लेट तर बिघडली नाही ना?”

प्लेट, म्हणजे जंतू वाढवायची बशी, बिघडलेली नसते. पण तसं का, हे फोनवर दोन मिनिटांत सांगता येत नाही, कारण तुमच्याकडे पेशंट खोळंबलेले असतात आणि माझ्याकडे नमुने. म्हणून हे पत्र. उघडं लिहितेय, कारण तुमचे पेशंटही ते वाचतील तर बरंच.

आधी प्लेट. लघवीतला ई. कोलाय हा जंतू मॅकॉन्की नावाच्या माध्यमावर रात्रभरात गुलाबी, सपाट, कोरडा वाढतो. त्याचा पातळ थर आम्ही दुसऱ्या प्लेटवर सारवतो, वर औषधांच्या छोट्या चकत्या ठेवतो, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक चकतीभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ किती मिलिमीटरचं आहे ते पट्टीने मोजतो. या मुलीच्या प्लेटवर सेफोटॅक्झिमच्या (सेफिक्झिमच्याच कुळातलं औषध) चकतीभोवती वर्तुळ जेमतेम असतं. पण शेजारी क्लॅव्हुलॅनिक आम्ल असलेली चकती ठेवली असेल, तर गंमत दिसते. दोन चकत्यांच्या मधल्या पट्ट्यात, आणि फक्त तेवढ्याच बाजूला, जंतू मेलेले असतात. वर्तुळ त्या दिशेला फुगून लांबट होतं. म्हणजे हा जंतू सेफोटॅक्झिम फोडणारं एन्झाइम बनवतोय आणि क्लॅव्हुलॅनिक आम्लाने तेवढ्या भागात ते एन्झाइम थोपवलंय. रिपोर्टवर आम्ही ‘ईएसबीएल (एक्स्टेंडेड स्पेक्ट्रम बीटा-लॅक्टमेज, या एन्झाइमचंच नाव) पॉझिटिव्ह’ असा शेरा मारतो तो यावरून.

हे एन्झाइम त्या मुलीच्या जंतूने स्वतः घडवलेलं नाही. त्याची कृती त्याला कुणीतरी दिलेली आहे. कुठे दिली, तर आतड्यात. लघवीच्या मार्गात जळजळ करणारा ई. कोलाय बहुतेक वेळा पेशंटच्या स्वतःच्याच आतड्यातून आलेला असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. माणसाच्या अंगात साधारण ३८ लाख कोटी जिवाणू राहतात आणि त्यांतले जवळपास सगळे मोठ्या आतड्यात. उबदार जागा, भरपूर अन्न, आणि खेटून बसलेले शेकडो जातींचे जंतू. देवाणघेवाणीला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

कॉलेजात आपण शिकलो ते गणित वेगळं होतं. जंतूंची संख्या अफाट, त्यात अपघाताने एखाद्याच्या जनुकात बदल होतो, औषध बाकीचे मारतं, तो एक उरतो आणि वाढतो. हे खोटं नाही. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या बाबतीत तर ते बरंचसं असंच घडतं. हे औषध ज्यावर घाव घालतं त्या गायरेज एन्झाइमच्या जनुकात एक-दोन ठिकाणी बदल झाला की जंतूचं काम भागतं. पण तीन-चार वेगवेगळ्या गटांतली औषधं एकाच जंतूवर एकदम निकामी व्हायची, तर तेवढे स्वतंत्र अपघात एकाच पेशीत घडून यायला हवेत. संख्येच्या हिशोबाने ते जवळजवळ अशक्य आहे. तरीही ते घडतं, आणि ते पहिल्यांदा नीट लक्षात आलं जपानमध्ये.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात शिगेलामुळे होणारी रक्ताची आव फार पसरली होती. सल्फा औषधं वापरून झाली, ती चालेनात म्हणून स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल, टेट्रासायक्लिन आली. १९५५ मध्ये या चारही औषधांना दाद न देणारा शिगेला सापडला आणि पुढच्या काही वर्षांत असे जंतू वाढतच गेले. डॉक्टर चक्रावले ते दोन गोष्टींनी. एकाच साथीत, कधी तर एकाच रुग्णाच्या शौचात, अगदी त्याच प्रकारचा शिगेला दोन्ही रूपांत मिळायचा: एक सगळ्या औषधांनी मरणारा, दुसरा चारही औषधं पचवणारा. आणि ज्याच्याकडे असा चिवट शिगेला, त्याच्याकडचा साधा, निरुपद्रवी ई. कोलायसुद्धा त्याच चार औषधांना दाद देत नव्हता. १९५९ मध्ये ओचियाई आणि अकिबा या दोन संशोधकांच्या गटांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, चिवट ई. कोलाय आणि साधा शिगेला एका नळीत एकत्र वाढवून पाहिले. शिगेला चारही औषधांना एकदम चिवट झाला. म्हणजे प्रतिकार जंतूंमध्ये संसर्गासारखा पसरत होता. हे सगळं जपानी भाषेतल्या नियतकालिकांत छापलं गेलं, त्यामुळे पश्चिमेकडे बराच काळ पत्ताच नव्हता. १९६३ मध्ये त्सुतोमु वातानाबे यांनी इंग्रजीत सविस्तर आढावा लिहिला तेव्हा कुठे लोक जागे झाले.

त्यामागचं यंत्र असं आहे. जंतूचं मुख्य गुणसूत्र वेगळं, आणि त्याच्या पेशीत सुटी राहणारी डीएनएची छोटी गोल कडी वेगळी. या कडीला प्लाझ्मिड म्हणतात. हे नाव १९५२ मध्ये जोशुआ लेडरबर्ग यांनी दिलं. त्यांनीच एडवर्ड टॅटम यांच्यासोबत १९४६ मध्ये ई. कोलायवर दाखवून दिलं होतं की जंतूंची जनुकं एकाकडून दुसऱ्याकडे जाऊन मिसळतात. देणाऱ्या जंतूला बारीक तंतू फुटतो, तो शेजाऱ्याला धरून जवळ ओढतो, आणि प्लाझ्मिडच्या दोन धाग्यांपैकी एक पलीकडे सरकतो. मग दोघंही आपापल्या धाग्यावरून जोडीचा दुसरा धागा बनवून घेतात. परीक्षेच्या हॉलमध्ये कॉपीची चिठ्ठी पुढच्या बाकावर जावी आणि मूळ चिठ्ठी देणाऱ्याच्या खिशातही राहावी, तसलाच प्रकार. देणाऱ्याचं काही जात नाही, सगळं आटोपतं काही मिनिटांत, आणि घेणारा आपल्याच जातीचा असावा अशी अटही नसते. ई. कोलायकडून क्लेब्सिएलाकडे, साल्मोनेलाकडे, शिगेलाकडे. (मेलेल्या जंतूचा सुटा डीएनए उचलणं, किंवा जंतूंना होणाऱ्या विषाणूंमार्फत जनुकं येणं, हे मार्गही आहेत, पण आतड्यातल्या या मंडळींचा मुख्य धंदा प्लाझ्मिडचाच.)

आता कळीचा मुद्दा. प्लाझ्मिडवर प्रतिकाराची जनुकं एकेकटी नसतात. उड्या मारणारे डीएनएचे तुकडे असतात, त्यांना ट्रान्स्पोझॉन म्हणतात. ते एका जागेवरून सुटून दुसरीकडे जाऊन बसतात आणि जाताना शेजारचं जनुकही सोबत नेतात. इंटिग्रॉन नावाची रचना असते, ती येतील ती जनुकं ओळीने गोळा करून ठेवते. त्यामुळे सेफोटॅक्झिम फोडणारं जनुक, को-ट्रायमॉक्साझोलचं जनुक, जेंटामायसिनचं जनुक, असं सगळं एकाच कडीवर नांदतं आणि एका झटक्यात पलीकडे जातं. तुम्ही त्यांतल्या कुठल्याही एका औषधाची चिठ्ठी लिहिली की संपूर्ण कडी बाळगणारा जंतू वाढीला लागतो. तिन्ही औषधांचा प्रतिकार मिळवायला पेशंटने तिन्ही औषधं घ्यावी लागत नाहीत. एक पुरतं.

आणि ही जनुकं येतात कुठून? आपल्या कारखान्यांनी ती तयार केलेली नाहीत. पेनिसिलीन रुग्णांना सर्रास मिळायला लागण्याआधीच, १९४० मध्ये, अब्राहम आणि चेन यांनी पेनिसिलीन नष्ट करणारं एन्झाइम शोधलं होतं, तेही ई. कोलायमध्येच. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समधून पेनिसिलीन बाहेर पडायला तेव्हा अजून पंधरा वर्षं होती. व्हेनेझुएलातल्या जंगलात बाहेरच्या जगाशी संबंध न आलेल्या यानोमामी लोकांची एक वस्ती होती; त्यांच्या आतड्यांतले नमुने तपासले तेव्हा तिथेही प्रतिकाराची जनुकं सापडली, आणि तो अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या लोकांनी आपली औषधं पाहिलेलीसुद्धा नव्हती. मातीतले सूक्ष्मजीव एकमेकांविरुद्ध ही रसायनं लाखो वर्षं बनवताहेत, त्यामुळे त्यावरचा उतारा तितकाच जुना. तुमच्या पेशंटच्या रिपोर्टवर ज्या जनुकामुळे ‘ईएसबीएल’ असा शेरा येतो, ते सीटीएक्स-एम जनुक मुळात क्लायव्हेरा नावाच्या, माणसाला क्वचितच त्रास देणाऱ्या जंतूच्या गुणसूत्रावर निमूट बसलेलं होतं. एका उड्या मारणाऱ्या तुकड्याने ते उचलून प्लाझ्मिडवर आणलं, आणि पुढचं काम आपण केलं. त्याचा आज जगभर पसरलेला प्रकार, सीटीएक्स-एम-१५, पहिल्यांदा नोंदला गेला तो दिल्लीतल्या नमुन्यांमधून, २००१ मध्ये.

‘आपण केलं’ असं म्हणते ते कशावरून? घसादुखीला लिहिलेली सेफिक्झिमची गोळी घ्या. ती गिळल्यावर साधारण निम्मीच रक्तात शोषली जाते. उरलेली निम्मी आतड्यात उतरते. अझिथ्रोमायसिनचं शोषण तर ४० टक्क्यांच्याही खाली आहे. तोंडाने दिलं नाही, इंजेक्शन दिलं म्हणजे आतडं वाचलं, असंही नाही. सेफ्ट्रायक्झोनचा मोठा वाटा पित्तावाटे आतड्यातच येतो. घशात विषाणू असेल तर त्याचं या औषधाने काही बिघडत नाही. खरी लढाई होते ती तीन फूट खाली, जिथे ना तुमचं लक्ष असतं ना पेशंटचं. तिथले औषधाने मरणारे जंतू मरतात, जागा मोकळी होते, आणि प्लाझ्मिडवाले पसरतात.

डेन्मार्कमध्ये बारा धडधाकट तरुणांना चार दिवस तीन जोरदार अँटिबायोटिक्स एकत्र देऊन नंतर त्यांचं आतडं सहा महिने तपासलं. दीड महिन्यात बरीचशी घडी बसली, पण आधी सगळ्यांमध्ये असलेल्या नऊ जाती १८० दिवसांनंतरही बहुतेकांमध्ये सापडल्या नाहीत. चार दिवसांच्या औषधाचा हा हिशोब.

औषध फक्त निवड करतं असंही नाही. आतड्यात ई. कोलायपेक्षा कितीतरी जास्त असणारे बॅक्टेरॉइड्स जंतू पाहा. टेट्रासायक्लिनविरुद्धचं जनुक त्यांच्यात एका उड्या मारणाऱ्या मोठ्या तुकड्यावर असतं, आणि थोडं टेट्रासायक्लिन समोर आलं की त्या तुकड्याचं दुसऱ्या जंतूकडे जाणं शंभर ते हजार पटींनी वाढतं. ज्या औषधाने जंतू मारायचा, तेच औषध त्याला ‘वाटायला लाग’ असा इशारा देतं. अमेरिकेत अ‍ॅबिगेल सॅलियर्स यांच्या गटाने जुने, जपून ठेवलेले बॅक्टेरॉइड्स तपासले. तीन दशकांत हे जनुक बाळगणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ८० टक्क्यांच्या वर गेलेलं होतं. हॉस्पिटलातल्या आजाऱ्यांमध्येही आणि घरी बसलेल्या निरोगी माणसांमध्येही.

इथे तुमच्या फोनवरच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग येतो. समजा तिने खरंच काहीच घेतलं नव्हतं. तरीही. २००८ मध्ये स्वीडनमध्ये एका रुग्णाच्या लघवीत क्लेब्सिएला सापडला, जवळजवळ सगळ्या औषधांना चिवट, मेरोपेनेमसारख्या शेवटच्या फळीतल्या औषधांच्या गटालासुद्धा. रुग्ण मूळचा भारतीय, दिल्लीत उपचार घेऊन परतलेला. त्याच रुग्णाच्या शौचातल्या ई. कोलायमध्येही या चिवटपणाचं तेच जनुक मिळालं. म्हणजे एका जातीकडून दुसऱ्या जातीकडे ते बहुधा त्याच्याच आतड्यात गेलं होतं. त्या जनुकाला एनडीएम-१ नाव दिलं, त्यात ‘न्यू दिल्ली’ आलं, आणि आपल्याकडे नावावरून एवढा गदारोळ झाला की जनुक बाजूलाच राहिलं. मुंबईत हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मात्र २०१० मध्ये साधेपणाने लिहून टाकलं: काही महिन्यांत कार्बापेनेमना (म्हणजे मेरोपेनेमच्या गटाला) दाद न देणारे आतड्याच्या कुळातले २४ जंतू मिळाले, त्यांपैकी २२ मध्ये एनडीएम-१ होतं. पुढच्या वर्षी दिल्लीच्या पाण्याचा अभ्यास आला. रस्त्याकडेला साचलेल्या, झिरपलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये हे जनुक होतं आणि नळाच्या ५० पैकी दोन नमुन्यांत. शौचातून सांडपाण्यात, सांडपाण्यातून नळात किंवा भाजीवर, तिथून पुन्हा पोटात. या वर्तुळात औषध न घेणारा माणूसही ओढला जातो.

किती सहज, तर नेदरलँड्समधल्या सुमारे २,००० प्रवाशांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. दक्षिण आशियात जाऊन आलेले, आणि जाण्याआधी ईएसबीएलवाले जंतू पोटात नसलेले, अशांपैकी ७५ टक्के लोक परतताना ते घेऊन गेले. बहुतेकांना काही त्रास नव्हता. सहलीत ज्यांनी अँटिबायोटिक घेतलं त्यांना धोका जास्त. चांगली बातमी अशी की निम्म्या लोकांच्या पोटातून हे जंतू महिन्याभरात निघून गेले. पण ते डच. त्यांच्या नळाला ते जंतू परत येत नाहीत. आपण त्या सहलीवरून कधी परतच येत नाही.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) जाळ्यातल्या मोठ्या रुग्णालयांचे आकडे तुम्ही वाचले असतील. २०१७ मध्ये तिथल्या सुमारे ८१ टक्के ई. कोलायवर मेरोपेनेमच्याच गटातलं इमिपेनेम चालत होतं. २०२३ मध्ये ते ६३ टक्क्यांच्या आसपास आलं. ही शेवटच्या फळीतली औषधं आहेत, आणि ती तुम्ही लिहित नाही हे मला माहीत आहे. पण आयसीयूत पोहोचणारं आतडं त्याआधी वीस-तीस वर्षं तुमच्याच ओपीडीत येत असतं.

“आधी कोंबडीवाल्यांना सांगा,” असं उत्तर मला अनेकदा मिळालं आहे. मुद्दा रास्त आहे. अमेरिकेत स्टुअर्ट लेव्ही यांनी १९७६ मध्येच दाखवलं होतं की कोंबड्यांच्या खाद्यात टेट्रासायक्लिन घातलं की आठवड्याभरात त्यांच्या पोटातले जंतू चिवट होतात आणि पाच-सहा महिन्यांत ते जंतू त्या शेतावरच्या माणसांच्या पोटातही वाढतात. आपल्याकडे कोलिस्टिन हे शेवटचा पर्याय म्हणून राखलेलं औषध पशुखाद्यात घालायला २०१९ मध्ये बंदी आली, तीही चीनमध्ये कोलिस्टिनविरुद्धचं प्लाझ्मिडवरचं जनुक सापडल्याला साडेतीन वर्षं उलटल्यावर. त्या लोकांना वेगळं पत्र लिहावं लागेल. हे तुम्हाला आहे.

मागणं काय, ते सांगते. सगळ्यात आधी जुलाब, कारण हंगाम त्याचा आहे. पाण्यासारखे जुलाब, रक्त नाही, पटकीचा संशय नाही: ओआरएस, आणि लहान मूल असेल तर झिंक. एवढंच. तरीही माझ्या हातात येणाऱ्या चिठ्ठ्यांवर ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल एकत्र असलेली गोळी सर्रास दिसते. त्यातलं ऑर्निडाझोल नेमकं त्या हवेशिवाय जगणाऱ्या जंतूंना मारतं, जे परक्या जंतूंना आतड्यात ठाण मांडू देत नाहीत. ऑफ्लॉक्सासिन उरलेल्यांतले चिवट निवडून देतं. दोन औषधांची इतकी पूरक जोडी मी जाणूनबुजूनही काढू शकले नसते. जुलाब तर दोन-तीन दिवसांत आपोआप थांबणारच होते, आणि श्रेय गोळीला मिळतं.

लघवीच्या जळजळीला, ताप नाही, कमरेत दुखत नाही, मूत्रपिंडं ठीक आहेत, तर नायट्रोफ्युरँटॉइन पाच दिवस. जुनं, स्वस्त औषध. ते लहान आतड्यातच बरंचसं शोषलं जातं आणि लघवीत उतरतं, त्यामुळे मोठ्या आतड्याला फारसं कळतही नाही. आमच्या प्लेटवर लघवीतल्या ई. कोलायसमोर त्याचं वर्तुळ अजूनही चांगलं मोठं असतं. ताप-थंडी असेल, मूत्रपिंडाचा संसर्ग वाटत असेल, किंवा गरोदरपणाचे शेवटचे आठवडे असतील तर ते चालणार नाही, हे तुम्ही जाणताच. आणि पेशंटला काहीच त्रास नसताना नुसतं कल्चरमध्ये जंतू उगवले, म्हणून औषध देऊ नका. गरोदर बाई किंवा मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया व्हायची असलेला रुग्ण सोडून. म्हाताऱ्या आजोबांच्या तक्रार नसलेल्या लघवीवर मेरोपेनेम लावलेलं मी पाहिलं आहे. ते पाहून रिपोर्ट पाठवायलाच नको होता असं वाटतं.

आता ‘कोर्स पूर्ण करा’. हे वाक्य आपण पेशंटला इतकं घोकायला लावलंय की त्यामागचा विचार हरवला. क्षयरोगात ते शंभर टक्के खरं आहे. क्षयाचा जंतू प्लाझ्मिड वाटत बसत नाही. त्याचा प्रतिकार त्याच्या स्वतःच्या जनुकातल्या बदलांतूनच येतो, म्हणून अनेक औषधं एकदम आणि पुरेसे महिने द्यायची. टायफॉइड, संधिवाताच्या तापाची भीती असलेला स्ट्रेप्टोकॉकसचा घसा, इथेही ठरलेले दिवस पुरे व्हायलाच हवेत. पण तिथला नियम उचलून सर्दी-पडशाच्या ‘कव्हर’साठी लिहिलेल्या सात दिवसांना लावला की उलटंच होतं. ज्या आजारात औषधाची गरजच नव्हती, तिथे प्रत्येक जादा दिवस म्हणजे आतड्यातल्या चिवट जंतूंना एक दिवस जास्त खतपाणी. लहान मुलांच्या, छाती आत न ओढणाऱ्या, नुसता श्वास जलद असलेल्या न्यूमोनियाला एचआयव्हीचं प्रमाण कमी असलेल्या भागात अमॉक्सिसिलिन तीन दिवस पुरतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा चिठ्ठीवर औषध सुरू करण्याची तारीख लिहिता तशी थांबवण्याचीही लिहा, आणि ती जितकी अलीकडे आणता येईल तितकी आणा.

तुमची अडचण मला दिसत नाही असं नाही. ज्याचा दिवसाचा रोज बुडतो त्याला ‘तीन दिवस वाट पाहा’ म्हणणं सोपं नाही. गोळी लिहिली नाही तर तो चौकातल्या दुसऱ्या डॉक्टरकडे जातो, किंवा सरळ मेडिकलमध्ये जाऊन ‘ताप-घशाच्या दोन गोळ्या’ मागतो. सेफिक्झिम २०१४ पासून शेड्यूल एच-१ मध्ये आहे. म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही आणि दिलं की पेशंटच्या नावासकट रजिस्टरला नोंद करून ती तीन वर्षं ठेवायची. ते रजिस्टर किती काउंटरवर उघडं असतं हे अन्न व औषध प्रशासनाने पाहावं; अझिथ्रोमायसिन तर त्या यादीतही नाही. हे सगळं खरं असूनही पेशंट शेवटी ऐकतो तो तुमचंच. लॅबवालीचं नाही, आणि सरकारी पोस्टरचं तर नाहीच. “पोटातले चांगले जंतू मरतील, पुढे खरं औषध लागेल तेव्हा चालणार नाही,” एवढं तुम्ही म्हणालात तर आई मुलाचं औषध थांबवते. आमच्या भागातले काही डॉक्टर हे करतात आणि त्यांचे दवाखाने ओस पडलेले नाहीत.

लगेच फरक दिसेल असं मात्र मी सांगणार नाही. ब्रिटनमध्ये नव्वदच्या दशकात सल्फा औषधांच्या चिठ्ठ्या वर्षाला ३ लाख २० हजारांवरून सुमारे ७ हजारांवर आल्या. लंडनच्या एका रुग्णालयात तपासलं, तर सल्फाला चिवट ई. कोलाय १९९१ मध्ये सुमारे ४० टक्के होते आणि १९९९ मध्ये ४६ टक्के. कमी झालेच नाहीत. कारण सल्फाचं जनुक एकटं नव्हतं. ज्या कड्यांवर ते बसलेलं, त्यांच्यावर इतर औषधांचीही जनुकं होती आणि ती औषधं लोक घेतच होते. एक औषध बंद करून भागत नाही. एकूण औषधं कमी व्हावी लागतात.

आमच्या बाजूने आम्ही दोन गोष्टी सुरू केल्या आहेत. साधी औषधं लागू पडत असतील तर मेरोपेनेम, कोलिस्टिन रिपोर्टवर छापत नाही. तपासलेलं असतं, मागितलं तर सांगतो. आणि नमुन्याच्या फॉर्मवर एक रकाना वाढवलाय: गेल्या तीन महिन्यांत पेशंटने घेतलेली अँटिबायोटिक्स, स्वतःहून घेतलेली धरून, आणि त्याच काळात घरात कुणी अ‍ॅडमिट होतं का. आजवर तो बहुतेक कोराच येतो. तो तुमच्या हाताने भरून आला, तर ‘तिने ते औषध घेतलंच नव्हतं’ या फोनला माझ्याकडे नेमकं उत्तर असेल. लघवीचा नमुना औषधाचा पहिला डोस देण्याआधी घ्या, आणि तासाभरात पोहोचणार नसेल तर फ्रिजमध्ये ठेवून पाठवा. रिपोर्टबद्दल काहीही विचारायचं असेल तर दुपारी दोननंतर फोन करावा. त्याआधी मी प्लेट वाचत असते.

आपली नम्र,
एका जिल्ह्याच्या ठिकाणची सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ